घर नावावर केलं तर मुलाचा हात थांबेल का?

(पत्र लिहिणाऱ्या ताईंची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

ताईंचं वय ६४. यजमान शिक्षक होते, ते गेल्यापासून कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. राहता फ्लॅट ताईंच्या एकट्याच्या नावावर आहे. सोबत मुलगा, सून आणि लहान नात. लग्न झालेली मुलगी दुसऱ्या जिल्ह्यात असते. मुलाचा धंदा बसला, देणी झाली, पिणं वाढलं. आधी शिवीगाळ, मग ढकलाढकली. गेल्या महिन्यात त्याने हात पिरगळला आणि ताईंच्या मनगटाचं हाड मोडलं. दवाखान्यात "बाथरूममध्ये पाय घसरला" असं ताईंनीच सांगितलं. पेन्शनचं एटीएम कार्ड मुलाकडे असतं. फ्लॅट बक्षीसपत्राने आपल्या नावावर करून दे, असा त्याचा तगादा सुरू आहे, कारण त्यावर त्याला कर्ज काढायचंय. ताईंचे भाऊ म्हणतात, "शेवटी घर त्याचंच होणार, सही कर आणि मोकळी हो." मुलगी म्हणते, "पोलिसांत जा." ताई विचारतात: सही केली तर हे थांबेल का? तक्रार केली तर मुलगा तुरुंगात जाईल का? आणि हे कायदे तर सुनांसाठी असतात ना, माझ्यासारख्या आईला त्यात जागा आहे का?

ताई,

आधी एक विनंती. हे पत्र वाचून तुम्ही दुसरं काहीच केलं नाहीत तरी चालेल, पण बक्षीसपत्रावर सही करू नका. निदान आत्ता नको, आणि या परिस्थितीत तर नकोच.

कारण सांगते. बक्षीसपत्र एकदा नोंदवलं गेलं की मालकी त्याच दिवशी जाते. मृत्युपत्र तुम्हाला हयातीत कधीही, कितीही वेळा बदलता येतं. बक्षीसपत्राचं तसं नसतं. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला बक्षीस द्यायचं तर मूळ मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये आहे. त्यामुळे "आई, खर्च काहीच नाही, अर्ध्या तासाचं काम आहे," असं तुम्हाला सांगितलं जाईल. ते खरंही आहे. पण तेच मागे फिरवायचं म्हटलं तर वर्षं जातात. वर त्याला त्या फ्लॅटवर कर्ज काढायचंय. हप्ते थकले की बँक घराचा ताबा घेते, तिथे म्हातारी आई राहते की कोण राहतं हा प्रश्न बँकेपुढे नसतो.

आणि सही केली तर मारणं थांबेल, हे कशावरून? तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. धंदा बसला तेव्हा तुम्ही दागिने मोडून दिलेत. त्यानंतर एटीएम कार्ड दिलंत. प्रत्येक वेळी "आता तरी शांत होईल" असं तुम्हाला वाटलं, हे तुम्हीच लिहिलंय. झाला का तो शांत? आज तो तुमच्याशी निदान मागण्यापुरतं बोलतो, कारण तुमच्याकडे देण्यासारखं काहीतरी उरलंय. घर दिल्यावर तुमच्या हाती काय राहील, याचा विचार तुमच्या भावांनी केलेला दिसत नाही. त्यांचा हेतू वाईट असेल असं मी म्हणत नाही, त्यांना फक्त भांडण मिटायला हवंय. पण "शेवटी घर त्याचंच" हे कायद्यानेही खरं नाही. तुम्ही मृत्युपत्र केलं नाहीत तर तुमच्या पश्चात मुलगा आणि मुलगी दोघांचा त्या घरावर सारखा हक्क आहे. आणि तुम्ही आहात तोवर ते घर फक्त तुमचं आहे.

समजा तुम्हाला दटावून नोंदणी कार्यालयात नेलंच, तर एक लक्षात ठेवा. दुय्यम निबंधक दस्त लिहून देणाऱ्याला स्वतः विचारतात, दस्त तुम्ही करून दिलाय का, कबूल आहे का. तिथे "मी हा दस्त करून दिलेला नाही" असं तुम्ही स्पष्ट सांगितलंत तर तो नोंदवता येत नाही. तो क्षण तुमचा असतो. तिथवर जायची वेळ येऊ नये म्हणून आजच सोसायटीच्या सेक्रेटरींना एक साधं पत्र द्या: "माझ्या फ्लॅटच्या हस्तांतरणाबाबत किंवा कर्जाबाबत मी स्वतः समक्ष येऊन सांगितल्याशिवाय कोणतंही ना हरकत पत्र देऊ नये." दोन प्रती करा आणि एकीवर शिक्का मारून पोहोच घ्या.

ज्यांनी आधीच सही करून टाकली आहे अशा वाचकांसाठीही इथेच सांगते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण अधिनियम २००७ या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं. मात्र सांभाळाची अट असल्याचं दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये एका प्रकरणात अट नव्हती म्हणून या कलमाचा लाभ नाकारला. उलट जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईने मुलाला दिलेलं बक्षीसपत्र न्यायालयाने रद्द ठरवलं आणि घराचा ताबाही तिला परत द्यायला सांगितला. त्या मुलाने त्याच दिवशी आईला सांभाळण्याचं वचनपत्र लिहून दिलं होतं, ते कामी आलं. तेव्हा सही झाली असली तरी सगळं संपलं असं समजू नका. त्या वेळचे कागद, मेसेज, चिठ्ठ्या शोधा.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ हा कायदा सुनांसाठी आहे, हा समज तुमच्या एकटीचा नाही. कितीतरी पोलीस ठाण्यांतही तुम्हाला तेच ऐकवलं जाईल. पण कायद्यात पत्नी हा शब्द वापरून दार बंद केलेलं नाही. एका घरात राहणारी किंवा राहिलेली, रक्ताच्या, लग्नाच्या वा दत्तक नात्यातली कोणतीही स्त्री त्यात येते. आई येते, बहीण येते, आत्या येते. ऑक्टोबर २०१६ मध्ये याच कायद्यातले, तक्रार फक्त पुरुषाविरुद्धच करू देणारे 'प्रौढ पुरुष' हे शब्द सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकले. ते प्रकरण सुरू झालं होतं एका आईच्या आणि मुलीच्या तक्रारीवरून, आणि तक्रार होती मुलाविरुद्ध, त्याच्या बायकोविरुद्ध आणि इतर मुलींविरुद्ध. म्हणजे या कायद्याच्या सर्वांत महत्त्वाच्या निकालांपैकी एकामागे तुमच्यासारखीच एक आई उभी आहे.

या कायद्याने हिंसा म्हणजे फक्त मारहाण मानलेली नाही. शिवीगाळ, अपमान, धमकी, आणि पैशाची कोंडी करणं हेही त्यात येतं. तुमच्या पेन्शनचं कार्ड स्वतःकडे ठेवणं आणि औषधासाठी तुम्हाला हात पसरायला लावणं ही कायद्याच्या भाषेत आर्थिक हिंसा आहे. पत्रात तुम्ही ते एका ओळीत, जाता जाता लिहिलंत. मला मात्र मनगटाइतकीच ती ओळ खुपली.

तुरुंगाची भीती तुम्हाला सर्वांत जास्त वाटते, आणि तिच्यामुळेच तुम्ही गप्प आहात. तुमच्या मनात दोनच रस्ते आहेत: एक सोसण्याचा आणि दुसरा मुलाच्या हाती बेड्या पाहण्याचा. या दोहोंच्या मधे बरीच जागा आहे, आणि मला तुम्हाला तीच दाखवायची आहे.

कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली केलेला अर्ज म्हणजे फौजदारी गुन्हा नोंदवणं नव्हे. तुम्ही न्यायदंडाधिकाऱ्यांकडे संरक्षण मागता. न्यायालय मुलाला आदेश देऊ शकतं की आईला मारायचं नाही, धमकवायचं नाही, तिच्या कार्डाला हात लावायचा नाही. गरज पडली तर "तू या घरातून बाहेर राहा" असाही आदेश देता येतो. दवाखान्याचा खर्च मागता येतो, झालेल्या त्रासाबद्दल भरपाई मागता येते. धोका दिसत असेल तर दुसऱ्या बाजूला न ऐकताही तात्पुरता आदेश मिळू शकतो. अटकेचा प्रश्न येतो तो संरक्षणाचा आदेश मोडला तर. तेव्हा मात्र एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे तुरुंगात जायचं की नाही, हे आदेशानंतर त्याच्या वागण्यावर ठरेल. ते ओझं आजवर तुम्ही उचललंत, खरं तर ते त्याचं आहे.

यासाठी वकील शोधत फिरायची गरज नाही. महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडे जा. ते तुमचं म्हणणं ऐकून घरगुती घटनेचा अहवाल एका ठरलेल्या नमुन्यात भरतात आणि तो न्यायालयात जातो. तो भरताना घाई करू देऊ नका. "मारतो" एवढंच लिहून घेतलं जातं आणि पुढे त्याचा उपयोग होत नाही. कोणत्या महिन्यात, कुठल्या खोलीत, कशाने, तेव्हा घरात कोण होतं, तुम्ही नंतर कोणाला फोन केलात, हे सगळं सांगा. तारीख आठवत नसेल तर "संक्रांतीच्या दोन दिवस आधी" असं सांगितलं तरी चालतं. अर्जावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, हे तुमच्यापासून लपवत नाही. म्हणूनच मुख्य अर्जासोबत अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतच्या तात्पुरत्या, आदेशाचा अर्ज पहिल्याच दिवशी द्यायला सांगा. अर्ज तुम्ही राहता तिथल्या न्यायालयात करता येतो, तसाच मुलीकडे तात्पुरत्या राहायला गेलात तर तिथेही करता येतो. चार दिवस मुलीकडे गेलं म्हणून घरावरचा हक्क जात नाही.

वकील हवाच असेल तर तो मोफत मिळतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. पेन्शन मिळते म्हणून तुम्ही अपात्र ठरत नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते.

दुसरा रस्ता २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचा. त्याचं न्यायाधिकरण उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपण ज्याला प्रांत कार्यालय म्हणतो तिथे असतं. साध्या कागदावर अर्ज केला तरी चालतो. मुलाकडून दरमहा १० हजारांपर्यंत निर्वाह रक्कम मागता येते आणि नोटीस बजावल्यापासून साधारण ९० दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. तुमच्या बाबतीत मात्र हा दुय्यम रस्ता वाटतो. तुम्हाला पैसे हवे आहेत त्याआधी मार थांबायला हवाय, आणि त्यासाठी २००५ चा कायदा जास्त नेमका आहे. दोन्ही अर्ज करायला आडकाठी नाही.

आता त्या मनगटाबद्दल. डॉक्टरांना खोटं सांगितलं म्हणून तुम्ही पत्रात स्वतःला बराच दोष दिलाय. मुलगा शेजारच्या खुर्चीवर बसलेला असताना दुसरं काय सांगणार होता? केसपेपरवर 'घरात पडल्या' असं लिहिलं गेलं म्हणून पुरावा संपत नाही. प्लास्टर काढायला किंवा तपासणीला जाल तेव्हा एकट्या जा, किंवा मुलीला बरोबर घ्या. डॉक्टरांना सांगा की मागच्या वेळी मुलगा समोर होता म्हणून बोलले नाही, हात त्याने पिरगळला होता. ते त्या दिवशीच्या कागदावर त्याच शब्दांत लिहायला सांगा. एक्स-रेची फिल्म आणि सगळे केसपेपर स्वतःकडे ठेवा, मूळ प्रती कोणालाही देऊ नका. एवढं मात्र आधी माहीत असू द्या की मारहाणीची दुखापत आहे असं कळलं की रुग्णालय ती वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून नोंदवतं आणि पोलिसांना कळवतं. पोलीस जबाबाला येतील. मनाची तयारी करून मगच बोला.

आणि पोलिसांत तक्रार द्यायची असं तुम्ही ठरवलंत तर? हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११७ खाली तो दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलिसांनी तो नोंदवून तपास करायचा असतो. ठाण्यात बहुधा तुम्हाला "एनसी घेतो" म्हणतील, म्हणजे अदखलपात्र नोंद करून कागद हातात देतील आणि घरी पाठवतील. तेव्हा एक्स-रे पुढे करा आणि शांतपणे म्हणा, "फ्रॅक्चर आहे, एफआयआर घ्या." एफआयआरची प्रत मोफत मिळणं हा तुमचा हक्क आहे. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो पुढे वर्ग करायचा असतो. तरीही नकार मिळाला तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा. तुमचा जबाब घ्यायला पोलिसांनी तुमच्या राहत्या जागी यायला हवं, स्त्रीला त्यासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. पण घरात मुलगा असताना मोकळेपणाने बोलता येणार नसेल, तर तुम्ही स्वतःहून मुलीसोबत ठाण्यात गेलेलं बरं. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत तुम्हाला कळवणं हीदेखील पोलिसांची जबाबदारी आहे. हा गुन्हा जामीनपात्र आहे. म्हणजे तुम्ही तक्रार दिली आणि मुलगा कित्येक महिने आत गेला, असं चित्र डोळ्यांपुढे उभं करू नका.

पोलीस ठाण्यातल्या समुपदेशनाबद्दल माझं मत जरा कडक आहे. चांगलं काम करणारी माणसं आहेत. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, त्यातून राज्यभर अशा कक्षांची परंपरा उभी राहिली. काही शहरांत पोलिसांचे भरोसा सेल आहेत. तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या भेटल्या तर जरूर बोला. पण ठाण्यात टेबलाच्या एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला मुलगा आणि मधे कोणी साहेब "आई आहात, पोटात घ्या" म्हणणार असतील, तर ते समुपदेशन नाही. त्या वेळी कोणत्याही समजुतीच्या कागदावर सही करू नका. "मुलीला दाखवून मग सांगते" एवढंच म्हणा आणि उठा.

तुम्ही लिहिलंय की उतरल्यावर तो रडतो, पाय धरतो, "दारू बोलते आई, मी नाही" म्हणतो. तो रडतो तेव्हा ते खोटंच असतं असं मी म्हणणार नाही. पण ताई, पिऊन असताना त्याने देणेकऱ्यांवर हात उचलल्याचं कुठे लिहिलेलं नाही. सोसायटीच्या वॉचमनवरही नाही. हात उचलला तो जिथे उलट उत्तर येणार नाही याची खात्री होती तिथेच. दारूवर उपचार आहेत, ते त्याने जरूर घ्यावेत. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र काम करतंय, दारू सोडू पाहणाऱ्यांचे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचे गट गावोगावी आहेत. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यातही न्यायालय त्याला समुपदेशनाला पाठवू शकतं. मात्र "तो दारू सोडेपर्यंत मी सोसते" अशी मुदत स्वतःवर घालून घेऊ नका. त्याचा उपचार आणि तुमची सुरक्षितता एकाच वेळी सुरू झाली पाहिजे.

आता तुमच्या सुनेबद्दल, कारण पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थबकले. "ती काही बोलत नाही, मुलीला घेऊन आतल्या खोलीत कडी लावून बसते." याचा अर्थ तुम्ही असा घेतलात की ती नवऱ्याच्या बाजूने आहे. असेलही. पण कडी आतून का लावावी लागते? आणि हात मोडल्याच्या रात्री तो झोपल्यावर बर्फ कापडात गुंडाळून आणला तो तिनेच, हेही तुम्हीच लिहिलंय. माझा अंदाज चुकीचा ठरू शकतो, पण या घरात मार खाणारी एकच स्त्री आहे असं मला वाटत नाही. तिच्याशी बोलून पाहा. घरात नको, नातीला शाळेत सोडायला दोघी गेलात तर वाटेत. "तू मध्ये का पडली नाहीस" असं विचारू नका, "तुलाही मारतो का गं?" असं विचारा. ती लगेच काही सांगणार नाही. दुसऱ्यांदा विचारावं लागेल.

याचा कायद्याशीही संबंध आहे. ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली मुलाला घराबाहेर काढायला गेलं की सून आणि नातवंडांचं काय, हा प्रश्न येतोच. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्येष्ठांच्या कायद्याचा वापर करून सुनेचा राहण्याचा हक्क डावलता येणार नाही. २००५ च्या कायद्यातही घर सोडण्याचा आदेश स्त्रीविरुद्ध देता येत नाही. काही ज्येष्ठांना हे अन्यायाचं वाटतं. तुमच्या बाबतीत मला ते सोयीचं वाटतं: तो बाहेर राहील आणि तुम्ही, सून, नात घरात राहाल, असा आदेश मागता येतो. सून तयार झाली तर तिचा स्वतंत्र अर्जही होईल. नातीने हे सगळं पाहिलंय. तिच्यासाठी १०९८ हा बालकांचा क्रमांक आहे.

आता या आठवड्यातली कामं. पेन्शनची पासबुक घेऊन बँकेत स्वतः जा, जुनं कार्ड बंद करा, खात्याला जोडलेला मोबाइल नंबर तुमचाच आहे ना ते तपासा. नवं कार्ड घरच्या पत्त्यावर मागवू नका, शाखेतून हातात घेता येईल का ते विचारा, नाहीतर काही महिने स्लिप भरून पैसे काढा. मुलाला हे कळेल तेव्हा तो चिडेल. म्हणून ज्या दिवशी कार्ड बंद कराल त्या दिवशी मुलीला घरी बोलावून घ्या किंवा तिच्याकडे जा. फ्लॅटचा मूळ करार, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, आधार, यजमानांचा मृत्यू दाखला, पेन्शनचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या हे सगळं एका पिशवीत भरून मुलीकडे ठेवा. मोबाइलवर त्याच्या धमक्यांचे मेसेज असतील तर पुसू नका, आणि तो फोनही बदलू नका.

हात उचलला जातोय असं दिसताच ११२ लावा. शेजारच्या एका विश्वासू घरी सांगून ठेवा, की आवाज आला तर बेल वाजवा, कारण काहीही सांगा, फक्त बेल वाजवा. बोलायला, काय करता येईल हे समजून घ्यायला १८१ हा महिलांचा क्रमांक आणि १४५६७ हा ज्येष्ठांचा क्रमांक आहे. रात्री घराबाहेर पडावं लागलं आणि जायला जागा नसेल, तर सखी वन स्टॉप सेंटर आहे. २०१५ पासून चालू असलेल्या या केंद्रात साधारण पाच दिवसांपर्यंत राहता येतं, आणि डॉक्टर, पोलीस, वकील, समुपदेशक यांची मदत एकाच ठिकाणाहून मिळते. मुंबईत असणाऱ्या वाचकांना महापालिकेच्या रुग्णालयांतले, हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठीचे दिलासा विभाग माहीत असावेत. २००१ मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातून त्याची सुरुवात झाली. केसपेपर काढायला गेलेली बाई तिथे कोणाला संशय येऊ न देता बोलू शकते.

असंच दुखणं असलेल्या वडिलांनी लिहिलं तर? २००५ चा कायदा फक्त स्त्रियांना संरक्षण देतो. पण २००७ चा कायदा, प्रांत कार्यालय, १४५६७ आणि पोलीस तक्रार हे सगळं वडिलांनाही तितकंच खुलं आहे. वडिलांना लाज आईपेक्षा जास्त वाटते असा माझा अनुभव आहे, आणि त्यामुळे ते फार उशिरा येतात. ज्यांना स्वतः जाणं जमत नाही त्यांच्या वतीने दुसरी व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते.

आणि शेजारी, नातेवाईक, सोसायटीची मंडळी: एखाद्या बाईवर घरात हिंसा होते आहे असं तुम्हाला प्रामाणिकपणे वाटत असेल तर संरक्षण अधिकाऱ्यांना तुम्हीही कळवू शकता. चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल तुमच्यावर कोणतीही दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही, असं कायद्याच्या कलम ४ मध्येच लिहिलं आहे. ताईंच्या मुलीनेही याच कलमाखाली आजच फोन करायला हरकत नाही.